गोटीच्या रक्ताची फेरतपासणी

वामनराव सबनीसांनी आयुष्यातली छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा पुन्हा करण्यात घालवली. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गुणांच्या फेरतपासणीचं टेबल त्यांच्याकडे होतं. नापास झालेला मुलगा अर्ज करी, त्याची उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून बाहेर निघे, आणि वामनराव आतल्या पानांवरचे गुण मोजून पहिल्या पानावरच्या बेरजेशी ताडून पाहत. शंभरातल्या सत्त्याण्णव अर्जांना 'गुणांत बदल नाही' असं छापील उत्तर जाई. उरलेल्या तिघांच्या जोरावर वामनरावांनी एक तत्त्वज्ञान उभं केलं होतं. पहिला निकाल हा निकाल नसतो, नुसता अंदाज असतो.

निवृत्तीनंतर टेबल गेलं, तत्त्वज्ञान राहिलं. तरसालीतल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीची नोटीस लागली की तारीख आणि वार जुळतात का ते वामनराव आधी पाहत. लग्नपत्रिका आली की मुहूर्त पंचांगात शोधत, मग वधूवरांची नावं वाचत. समोरच्या कमलाबेनच्या नातवाचं वय त्या सांगतात त्याहून एका वर्षाने कमी आहे, हे त्यांनी एकदा त्यांना सिद्ध करून दाखवलं होतं. कमलाबेननी 'सारूं, काका' म्हटलं आणि मोहनथाळाची वाटी पाठवली. बडोद्यात निम्मे वाद असेच मिटतात.

सबनीसांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, वडील कलेक्टर कचेरीत. कागदावर विश्वास ठेवायची त्या घरात तीन पिढ्यांची परंपरा होती. माणसांवर ठेवायची अजून पडायची होती.

अशा घरात अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी नीलिमा ओढणीत गुंडाळून एक पांढरं पिल्लू घेऊन आली. देणाऱ्याने पामेरियन म्हणून सांगितलं होतं. वामनरावांनी ग्रंथालयातून कुत्र्यांवरचं पुस्तक आणलं, कान, शेपूट, वजन सगळं पडताळलं आणि ही पामेरियन नाही असा निर्णय दिला.

"मग परत देऊ?" नीलिमाने विचारलं.

"तसं मी म्हटलेलं नाही," वामनराव म्हणाले.

पिल्लाचं नाव गोटी पडलं. चार वर्षांनी नीलिमाला हैदराबादला नोकरी लागली आणि गोटी 'तात्पुरती' इथे राहिली. तात्पुरत्या सरकारी पत्र्यांच्या शेड जशा पक्क्या इमारतींपेक्षा जास्त टिकतात, तशी ही सोय टिकली. वामनराव गोटीला अहोजाहो करत. "बाई, छापं सोडा, वाचायचंय अजून." "चला बाई, फिरायची वेळ झाली." बायकोला अगंतुगं आणि कुत्रीला अहोजाहो, अशी घरातली रीत. सुनीतीबाई म्हणत, "पुढच्या जन्मी मी शेपूट घेऊन येते. निदान मान तरी मिळेल."

यंदा उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी गोटीने वाटीतला दूधभात तसाच ठेवला. गच्चीवर कुणीतरी उंधियू घातला असेल, असं सुनीतीबाईंना वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पिवळं ओकली. मग पाणी फार पिऊ लागली. आणि एका दुपारी वामनरावांना दिसलं, की ती कपाटाशेजारी भिंतीला कपाळ टेकवून उभी आहे. झोपलेली नाही, काही हुंगत नाही, नुसती उभी. "बाई, काय झालं?" त्यांनी विचारलं. तिने शेपूट हलवली, पण डोकं भिंतीवरून काढलं नाही.

वामनराव गाडी चालवत नाहीत आणि माझी बहुतेक वेळ उभीच असते, म्हणून दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्यांना मी होतो. डॉक्टर पंक्ती अमीन तिशीतली, कमी बोलणारी मुलगी. तिने गोटीचं पोट दाबलं, डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला, हिरड्या पाहिल्या आणि रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टचे दोन कागद पुढे ठेवून म्हणाली, "काका, लिवरनुं लागे छे. कदाच."

लिव्हरचं असावं, बहुतेक. वामनरावांनी त्यातला फक्त शेवटचा शब्द उचलला.

"कदाच म्हणाली ने ती? तुम्ही ऐकलंत ने?" परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं.

"ऐकलं."

"मग झालं तर."

काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी तो रिपोर्ट उत्तरपत्रिकेसारखा वाचला, प्रत्येक ओळीवर पेन्सिल टेकवत. एसजीपीटी नावाचा आकडा शंभराच्या आसपास हवा होता, तो आठशे चाळीस होता. कुणाला गुण जास्त पडलेले पाहून वामनरावांना घाम फुटल्याची ही पहिलीच वेळ.

डॉक्टरने आणखी एक तपासणी सांगितली होती. गोटीला बारा तास उपाशी ठेवायचं, रक्त द्यायचं, मग पोटभर खायला घालायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. यकृत पित्त कसं निस्तरतं ते त्यावरून कळणार होतं. वामनरावांनी अटी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. त्यातली दुसरी अट लाल पेनाने होती: पाण्याशिवाय काही नाही.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी. सबनीसांच्या घरातून कुणीही महत्त्वाच्या कामाला निघालं, की सुनीतीबाई दारात त्याच्या तळहातावर दही-साखर घालतात. नीलिमाच्या प्रत्येक पेपराला घातली, वामनरावांच्या मोतीबिंदूला घातली, मी एकदा कोर्टात साक्षीला चाललो होतो तर मलाही घातली. यात विचार नसतो, हात आपोआप वाटीकडे जातो. त्या सकाळी मी गाडी दारात लावली, वामनराव कुलूप शोधायला आत गेले, आणि सुनीतीबाईंच्या कडेवर गोटी होती. परीक्षेला निघालेली.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. जेवणानंतरचा आकडा पंचवीसच्या आत हवा होता, तो एकशे बेचाळीस होता. उपाशीपोटीचासुद्धा अठ्ठ्याण्णव. वामनराव कागद धरून बसले. पेन्सिल काढली नाही. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात सुनीतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एक सांगू? रागावू नका."

"काय?"

"त्या दिवशी निघताना मी तिला दही-साखर घातली."



"किती?" वामनरावांनी विचारलं.

"एवढीशी. बोटाच्या टोकावर मावेल एवढी. चाटली तिने. माझ्या लक्षातच राहिलं नाही हो, हात गेला."

फ्रिजवरची लाल अक्षरं मला बसल्या जागेवरून दिसत होती. आता या बाईंची धडगत नाही, असं मला वाटलं. वामनराव उठले, बायकोजवळ गेले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी हे प्रथमच केलं असावं, कारण सुनीतीबाई दचकल्या.

"अगं, मग हा रिपोर्टच बाद!" ते म्हणाले. "परीक्षेची अटच पाळली गेली नाही. अशा पेपराचा निकाल लावताच येत नाही. तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"ओरडू? शिरा कर. शिरा कर आज."

सुनीतीबाई रडत रडत हसल्या आणि खरोखर शिरा केला. मीही खाल्ला. गोटीने एकदा हुंगला आणि ती भिंतीकडे निघून गेली.

डॉक्टरला फोन लावला, तो स्पीकरवर. तिने सगळं ऐकून घेतलं. "काका, एक चमची दहींथी आटलो फरक न पडे." चमचाभर दह्याने एवढा फरक पडत नाही.

"पण पडू शकतो?"

"थोडो. आटलो नहीं."

"थोडो म्हणाली," वामनराव आमच्याकडे वळून म्हणाले.

तिने पुढे सांगितलं, की तपासणी हवी तर तीन आठवड्यांनी पुन्हा करू, पण औषधं आजच सुरू करा आणि सोनोग्राफी करून घ्या. वामनराव "हो, हो" म्हणाले. औषधं मीच आणून दिली. ती पिशवी फ्रिजवर गेली, लाल अक्षरांच्या वर, आणि तिथेच राहिली. सोनोग्राफी फेरतपासणीनंतर ठरवायची होती.

"फेरतपासणी होईपर्यंत निकाल राखीव," ते मला म्हणाले. "राखीव निकालावर कारवाई करत नाहीत."

"काका, औषध द्यायला काय हरकत आहे? चुकून दिलं गेलं तर गोड सिरप तर आहे."

"तुम्ही अर्जदाराच्या बाजूने आहात की विरुद्ध?"

मी गप्प बसलो. शहाण्या माणसाच्या मूर्खपणापुढे सभ्य माणसं गप्प बसतात, आणि मी सभ्य आहे अशी माझी ख्याती आहे.

ते तीन आठवडे वामनरावांनी एका वहीत नोंदी केल्या. सकाळी काय खाल्लं, किती चालली, शेपूट कितीदा हलवली. पहिले काही दिवस वही खरी होती. मग एका संध्याकाळी मी तिथे बसलो असताना गोटीने खिचडीची वाटी नाकाने दूर सारली, आणि वामनरावांनी वहीत लिहिलं, 'अर्धी वाटी.' मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"अर्ध्याच्या जवळपासच म्हणायची," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांत ज्या माणसाने कुणाच्या बापाच्या रडण्याला अर्धा गुण वाढवला नव्हता, तो आता कुत्रीला ग्रेस मार्क देऊ लागला होता. पुढे पुढे ते सढळ हाताने देत. गोटी दारापर्यंत जाऊन परत आली की 'फेरी झाली.' पाणी प्याली की 'तब्येत हुशार.'

तिच्या गळ्यातला पट्टा सैल होऊन पुढे पायांत यायला लागला. "चामडं ताणतं," वामनराव म्हणाले, आणि पट्टा खिशात घालून रिक्षाने लहरीपुऱ्यात गेले. तिथल्या चामड्याच्या दुकानदाराने दोन नवी भोकं पाडून दिली. आठवड्यात दोन्ही भोकं संपली. ते पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, "काका, पट्टो नानो लई लो ने, आमां हवे जग्या नथी." लहान पट्टा घ्या, यात आता जागा नाही. वामनरावांनी नवा पट्टा घेतला नाही. घरी येऊन त्यांनी पट्टाच काढून ठेवला आणि वहीत लिहिलं, 'पट्टा काचत होता.'

नीलिमा रोज व्हिडिओवर विचारायची. "बाबा, गोटीला दाखवा ना." वामनराव फोन गोटीच्या तोंडाशी, इतका जवळ धरत की पडद्यावर नुसतं नाक दिसे. नाक बारीक होत नाही.

फेरतपासणीच्या सकाळी सुनीतीबाई दारात उभ्या होत्या. हात पदराखाली होते. आत वाटी भरलेली असावी, कारण त्यांची नजर सारखी स्वयंपाकघराकडे जात होती. वामनराव गोटीला शालीत घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "हात दाखव." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले, शाळेत नखं दाखवतात तसे. रिकामे होते.

नमुना या वेळी दुसऱ्या लॅबला गेला, वामनरावांच्या आग्रहावरून. त्यांनी पाकिटावरचं नाव, वेळ, दोन्ही नमुन्यांमधलं अंतर, सगळं स्वतः तपासलं. इतका निर्दोष पेपर त्या दवाखान्यातून पूर्वी कधी गेला नसेल. रिपोर्ट आला तो आधीच्यापेक्षा वाईट होता. डॉक्टर पंक्तीने त्याच दिवशी सोनोग्राफी केली. यकृत आक्रसून गेलं होतं आणि पोटात पाणी धरायला सुरुवात झाली होती.

वामनरावांनी पडद्यावरचं ते करडं चित्र बराच वेळ पाहिलं. मग आपल्या जुन्या कचेरीतल्या गुजरातीत त्यांनी विचारलं, तीन अठवाडिया पहेलां दवा चालू करी होत तो?

तीन आठवड्यांपूर्वी औषध सुरू केलं असतं, तर. पंक्ती हातमोजे काढत होती. एक मोजा काढून झाला, दुसरा काढला, मग म्हणाली, "बहु फरक न पडत, काका."

फार फरक पडला नसता. वामनरावांनी मान हलवली. समोरच्या माणसाला घरी जाता यावं म्हणून लिहिलेली वाक्यं त्यांनी हजारोंनी पाठवली होती. हे वाक्य त्यातलं आहे की खरं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी न पडताळता सोडली.

त्या दिवसापासून औषध एक मिनिट चुकलं नाही. सिरप दिवसातून तीनदा, गोळी सकाळी, आहार पंक्तीने लिहून दिलेला. वामनराव जमिनीवर मांडी घालून बसत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि मऊ पनीर बोटाने गोटीच्या टाळूला लावत. "बाई, एवढं घ्या. एवढं एक." वही बंद झाली. पंधरा दिवसांत गोटीचं अंग काडीसारखं आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं झालं. घरातल्या घरात ती वाट चुकायची, कोपऱ्यात शिरायची आणि तिथून बाहेर कसं यायचं ते तिला सुचायचं नाही. भिंतीला डोकं दाबायला लागली की वामनराव मध्ये आपला तळहात घालत. ती त्यांच्या तळहातावर डोकं दाबून उभी राही आणि ते तसेच बसून राहत. एकदा मी गेलो तेव्हा सुनीतीबाई त्यांना त्याच अवस्थेत चहा भरवत होत्या.

शेवटी नीलिमा आली. तिने गोटीला उचललं आणि खाली ठेवलं. मग आईकडे पाहून म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं का नाही?"

मग ती वडिलांकडे वळली.

"बाबा, तिला त्रास होतोय."

"हो."

"मग किती दिवस?"

"तू फोन कर डॉक्टरला," वामनराव म्हणाले. "मला बोलता येणार नाही."

दवाखान्यात संमतीचा कागद आला. वामनरावांनी तो वाचला नाही. पंक्तीने जिथे बोट ठेवलं तिथे सही केली आणि गोटीच्या कानामागे खाजवायला लागले. ते संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. संपल्यावरही काही वेळ काढला नाही.

सुनीतीबाईंच्या भावाची, प्रतापरावांची, बाजव्याला थोडी जमीन आहे. तिथे कडुनिंबाखाली खड्डा खणून ठेवला होता. दुपारची वेळ, लांबवर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत उन्हात फिकी दिसत होती. प्रतापराव माणूस भला, पण त्यांना शांतता सोसत नाही.

"भाऊजी, दोन फूट खणलंय. लहान जीव, पुरे ना?"

"तीन," वामनराव म्हणाले.

"माती कडक आहे हो."

"तीन, प्रतापराव."

प्रतापरावांनी कुदळ पुन्हा उचलली. वामनराव कडेला उभे राहून पाहत होते. या वेळी मोजपट्टी मागितली नाही.

परत येताना नीलिमा माझ्या शेजारी पुढे बसली होती, ते दोघे मागे. शहर ओलांडून तरसालीला यायचं, म्हणजे पाऊण तासाचा रस्ता.  मग एका सिग्नलला सुनीतीबाई म्हणाल्या, "माझ्याच हाताने झालं सगळं. ते दही घातलं नसतं तर पहिलाच रिपोर्ट खरा मानला असता आपण."

"दह्याचं काही नव्हतं," वामनराव म्हणाले.

"डॉक्टर समजूत घालायला म्हणाली ते."

"डॉक्टर नव्हे, मी सांगतोय. मला त्याच दिवशी कळलं होतं. बेरीज चुकते ती दोन-चार गुणांनी चुकते, सुनीती. पंचवीसच्या जागी एकशे बेचाळीस चुकून होत नाहीत."

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी काढली. आरशात पाहणं मी टाळलं.

"मग औषध का नाही दिलंत?" सुनीतीबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. अमुक शाक का नाही आणलंत, इतक्या साधेपणाने विचारलं.

 वामनराव म्हणाले, "औषधाची पिशवी उघडली असती तर तुला कळलं असतं, की ती जाणार. तू शिरा करत होतीस."

"तुम्ही मागितलात म्हणून केला मी," सुनीतीबाई म्हणाल्या. "मला का ठाऊक नव्हतं? बोटाच्या टोकावरचं दही ते. तुमचा चेहरा पाहिला आणि गप्प बसले."

नीलिमाने मान खिडकीकडे वळवली. काच वर केली, पुन्हा खाली केली. त्या दिवशीचा शिरा मीही खाल्ला होता आणि फ्रिजवरची पिशवी मलाही रोज दिसत होती. एकमेकांना सांभाळत आम्ही सगळ्यांनी तीन आठवडे काढले. त्या तीन आठवड्यांत सांभाळायची होती ती एकटी गोटी, आणि ती भिंतीशी उभी होती.

सोसायटीत शिरलो. कमलाबेन ओट्यावर उभ्या होत्या, त्यांनी लांबूनच हात जोडले. मी गाडी दाराशी लावली. नीलिमा उतरून कुलूप काढायला गेली. सुनीतीबाई पलीकडून उतरल्या. वामनराव त्यांच्या बाजूने उतरले आणि गाडीचं दार धरून उभे राहिले. आधी मला वाटलं, त्यांचा गुडघा धरला असेल. पण ते रिकाम्या सीटकडे पाहत होते, दार पूर्ण उघडं धरून, एका लहान कुत्रीला सीटवरून पायदानावर आणि पायदानावरून जमिनीवर उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

"अहो," सुनीतीबाई म्हणाल्या. "लावा दार."